पान एकसष्ट

"हे बघा," प्राचार्य वाघचौरे म्हणाले आणि त्यांनी कंप्युटरचा पडदा आमच्याकडं वळवला.

कॉलेजच्या वेबसाइटवर कालपर्यंत त्यांचा फोटो होता. आज तिथं गाढव होतं. फेटा मात्र प्राचार्यांचाच. ज्यानं कुणी हे केलं होतं, त्यानं तो गाढवाच्या दोन्ही कानांमध्ये अगदी नीट बसवला होता. खालचा मजकूरही हलवला नव्हता. 'ज्ञानाच्या या मंदिरात मी आपले मनःपूर्वक स्वागत करतो.'

मी ओठ घट्ट मिटून घेतले. शेजारी प्रा. ढवळशंख उभे होते, मेकॅनिकलचे, शिस्त समितीचे अध्यक्ष. त्यांना खोकला आला. तो बराच वेळ थांबेना. संगणक विभागाचे प्रमुख प्रा. खिस्ती तेवढे गंभीर होते, कारण वेबसाइट त्यांच्या ताब्यात होती.

"मग काढा की ते," प्राचार्य म्हणाले.

"निघत नाहीये सर. पासवर्डच बदललाय कुणीतरी."

"तुमचा पासवर्ड?"

"हो ना. आणि तो काही साधासुधा नव्हता सर," खिस्ती म्हणाले. आवाजात चक्क अभिमान होता.

ही दोन हजार चारची गोष्ट. बार्शीच्या पुढं एका उजाड माळावर संस्थेनं अभियांत्रिकी कॉलेज काढलं होतं आणि मी तिथं ग्रंथपाल होते. आठ दिवसांनी विद्यापीठाची तपासणी समिती यायची होती. रंगकाम चाललं होतं, कुंड्या आल्या होत्या, प्रयोगशाळेतली बंद यंत्रं पुसून चालू असल्यासारखी मांडली होती. आणि मुख्यपृष्ठावर गाढव.

"मी सरदेशमुखसाहेबांना फोन केलाय," प्राचार्य म्हणाले. "ते निघालेत. तोवर कुणी कशाला हात लावू नका."

विक्रांत सरदेशमुख म्हणजे 'माहितीयुद्ध आणि मी' या पुस्तकाचा लेखक. मुखपृष्ठावर तो लष्करी ठिपक्यांचं जाकीट घालून, हाताची घडी घालून उभा होता आणि त्याच्यामागं पृथ्वीचा गोल पेटला होता. सैन्याशी त्याचा संबंध त्या जाकिटापुरताच. मागच्या पानावरचा परिचय नीट वाचला तर कळायचं, की सोलापुरात टायपिंगचे क्लास आणि मग कंप्युटरचे क्लास, एवढंच त्याचं रणांगण. पण परिचय नीट वाचतो कोण?

आदल्या शुक्रवारीच तो आमच्याकडं येऊन गेला होता. फक्त अध्यापकांसाठी तीन तासांचा सेमिनार. त्यातले अडीच तास तो स्वतःबद्दल बोलला. शत्रुराष्ट्रं, उपग्रह, रक्ताचा थेंब न सांडता पडणारी शहरं. आमचे प्राध्यापक लहान मुलांसारखे तोंड उघडं टाकून ऐकत होते. शेवटच्या अर्ध्या तासात त्यानं एक खेळ घेतला: पासवर्डची परीक्षा. प्रत्येकाला एक कागद. त्यावर नाव, विभाग, पासवर्ड. कुणाचा सर्वांत मजबूत, ते तो तपासून सांगणार. मी शिक्षकेतर कर्मचारी, म्हणून वाटपाचं आणि गोळा करण्याचं काम माझ्याकडं. एकोणीस जणांनी लिहून दिलं. त्यानं कागद चाळले, खिस्तींचा पहिला आल्याचं जाहीर केलं, टाळ्या झाल्या, आणि खिस्तींनी मंचावर जाऊन वाकून एक पेन घेतलं. कागद सरदेशमुखच्या बॅगेत गेले. कॉलेजनं त्याच्या पुस्तकाच्या पंचवीस प्रती घेतल्या. त्यातल्या तीन माझ्याकडं आल्या, बाकीच्या विभागप्रमुखांकडं. एक प्राचार्यांच्या टेबलावर दर्शनी ठेवली होती, अजून प्लॅस्टिकच्या वेष्टनात.

एवढं सगळं माझ्या डोळ्यांसमोर झालं होतं आणि तरी त्या सकाळी गाढवाकडं बघताना माझ्या डोक्यात काही आलं नाही. हे मी मुद्दाम सांगते. पुढं मी बाकीच्यांना नावं ठेवणार आहे, म्हणून.

सरदेशमुख दुपारी आला. तेच जाकीट. पडद्यासमोर तो पाच मिनिटं नुसता उभा राहिला, हात मागं बांधून. मग हळू आवाजात म्हणाला, "हा खोडसाळपणा नाही. हल्ला आहे."

"हल्ला," ढवळशंख म्हणाले.

"आतल्या माणसाचा. बाहेरच्याला खिस्तीसरांचा पासवर्ड फोडायला वर्षं लागली असती." खिस्तींनी मान डोलावली. "तुमच्या लायब्ररीत हॅकिंगवरची पुस्तकं आहेत?"

"आहेत," मी म्हणाले. "चार इंग्रजी. आणि तुमचं."

"कोण नेतं ती? यादी काढा. जो सगळ्यात जास्त वेळा नेतो, तो आपला माणूस."

"बघा!" प्राचार्य आमच्याकडं वळून म्हणाले. "याला म्हणतात तज्ज्ञ. मॅडम, सकाळी अकरापर्यंत यादी पाहिजे."

मला नाही म्हणता आलं असतं का? बहुतेक आलं असतं. कोण काय वाचतो हे ग्रंथपालानं चारचौघांत मांडू नये, एवढं मी प्रशिक्षणात शिकले होते. पण आमच्या ग्रंथालयाचं संगणकीकरण दोन वर्षांपूर्वी झालं होतं आणि ते मी करून घेतलं होतं, आणि त्या दोन वर्षांत प्राचार्यांनी त्यातलं काही म्हणून मागितलं नव्हतं. मला यादी काढायची हौस होती. त्या दुपारी मी कंप्युटरसमोर बसून ती पुस्तकवार काढली, मग विद्यार्थीवार काढली, मग किती वेळा नेलं त्याच्या उतरत्या क्रमानं लावली. कुणी विचारलं तर सांगतही होते, वरून मागितलीये म्हणून. पाच वाजेपर्यंत ते कॉलेजभर झालं. शबनम तांबोळी तेव्हा वाचनकक्षातच बसली होती, माझ्यापासून दोन टेबलं सोडून.

यादीत तिचं नाव सगळ्यात वर होतं. अकरा वेळा. दुसऱ्या क्रमांकावरच्या मुलानं दोनदा नेलं होतं.

शबनम तिसऱ्या वर्षाला होती. बार्शीत तिच्या वडिलांचं टीव्ही दुरुस्तीचं दुकान होतं आणि ती बारा वर्षांची असल्यापासून तिथं तारांना सोल्डरिंगचे डाग मारायला बसायची, असं तिनंच मला एकदा सांगितलं होतं. बोलायची कमी. पुस्तक परत करताना त्यात चिठ्ठी राहिली नाही ना, हे दरवेळी पानं चाळून बघायची.

बुधवारी सकाळी मी यादी प्राचार्यांसमोर ठेवली. ढवळशंखांनी ती उचलली.

"अकरा वेळा," ते म्हणाले. मग कागदावर बोट आपटलं. "आणि नाव वाचा की."

प्राचार्यांनी वाचलं. मीही वाचलं.

गुरुवारी शिस्त समिती बसली. प्राचार्य, खिस्ती, ढवळशंख, बाहेरचा तज्ज्ञ म्हणून सरदेशमुख, आणि नोंदी दाखवायला मी. मी दाराजवळ उभी होते. शबनमला बोलावलं.

"बस," प्राचार्य म्हणाले. खुर्ची नव्हती. ती उभी राहिली.

"ही पुस्तकं तू अकरा वेळा नेलीस?"

"हो सर. जाड आहेत. आठ दिवसांत होत नाहीत."

"पण कशाला वाचायची असली पुस्तकं?" ढवळशंखांनी विचारलं. "मुलीच्या जातीनं?"

"अभ्यासक्रमात आहे सर. नेटवर्क सिक्युरिटी. सहावं सत्र."

सगळ्यांनी खिस्तींकडं पाहिलं. "आहे," ते म्हणाले. "ऑप्शनला आहे."

सरदेशमुख पुढं वाकला. त्यानं आवाजात माया आणली. "बेटा, तू हुशार आहेस. हुशार मुलंच घसरतात. फक्त एवढं सांग, तू फायरवॉल कशी पार केलीस?"

"कॉलेजला फायरवॉल नाहीये सर."

पुन्हा सगळे खिस्तींकडं. "प्रस्तावित आहे," खिस्ती म्हणाले.

"उद्धटपणा बघा," ढवळशंख म्हणाले. "सर, पोलिसांना फोन लावा. सगळं बोलेल."

पोलीस म्हटल्यावर तिचा चेहरा उतरला. तिनं ओढणीचं टोक मुठीत धरलं. मग एकदम, घाईघाईनं, पाठ केलेलं विसरण्याआधी म्हणून टाकावं तसं ती बोलली.

"सर, मी एक विचारू? खिस्तीसरांनी आम्हाला वर्गात सांगितलं होतं, सेमिनारला सगळ्या सरांनी पासवर्ड कागदावर लिहून दिले आणि सरांचा पहिला आला. ते कागद कुठं आहेत?"

खिस्तींचे कान लाल झाले.

"त्याचा इथं काय संबंध?" प्राचार्य म्हणाले.

"सरदेशमुखसरांच्या पुस्तकात आहे सर. पान एकसष्ट."

प्राचार्यांनी टेबलावरचं पुस्तक ओढलं. प्लॅस्टिक निघेना. त्यांनी किल्लीनं फाडलं, पानं उलटली, चष्मा वर-खाली केला आणि मोठ्यानं वाचायला लागले. काय वाचतोय ते वाचून होईपर्यंत त्यांना कळत नव्हतं, अशी त्यांची वाचायची पद्धत होती.

"'शत्रूच्या गोटात शिरायला कुलूप फोडावे लागत नाही. व्याख्याता बनून जा. तुमचा पासवर्ड किती मजबूत आहे ते तपासून देतो, असे सांगा आणि कागद फिरवा. सुशिक्षित माणसे सर्वांत आधी लिहून देतात.'"

पुस्तक हातात तसंच राहिलं.

पंचवीस प्रती. तीन पदव्युत्तर माणसं आणि एक ग्रंथपाल. चोरानं चोरी कशी करतात ते छापून, सही करून, आमच्या हातात दिलं होतं आणि ते वाचलं होतं एकट्या त्या मुलीनं. मीही वाचलं नव्हतं. मी त्याला क्रमांक देऊन शिक्का मारला होता.

त्यानंच केलं, असं मी आजही शपथेवर सांगू शकणार नाही. पण त्या क्षणी त्याच्या मानेवरचा घाम मला दाराजवळून दिसत होता. त्यानं रुमालानं तो सावकाश टिपला, आणि मग मात्र तो माणूस जाकिटाला शोभेल असा लढला.

"शत्रू काय करतो ते मी लिहिलंय," तो म्हणाला. "मी केलं असं कुठं लिहिलंय? आता ही म्हणते, असे कागद फिरले. फिरले असतील तर चौकशीसाठी ते सगळे बाहेर काढावे लागतील. नावांसकट. कुणी काय लिहिलं होतं, ते सगळ्यांसमोर ठेवावं लागेल. पोलिसांसमोरसुद्धा." तो ढवळशंखांकडं बघून किंचित हसला. "माझी तयारी आहे."

ते कागद मी गोळा केले होते. प्राचार्यांनी पासवर्ड म्हणून 'प्राचार्य' एवढंच लिहिलं होतं, तेही स्पेलिंग चुकवून. ढवळशंखांनी एका बाईचं नाव लिहिलं होतं. ते त्यांच्या बायकोचं नव्हतं.

ढवळशंख खिडकीबाहेर बघत होते. खिस्ती पेनाशी खेळत होते, बक्षिसाच्या पेनाशी. तिथल्या प्रत्येकाला माहीत होतं, की कागद फिरले होते. आणि प्रत्येकाला वाटत होतं, की ते फिरले नव्हते हे दुसऱ्या कुणीतरी म्हणावं.

प्राचार्यांनी मान वर केली. "मॅडम, त्या दिवशी व्यवस्थेला तुम्ही होता. असे काही कागद वाटले होते का?"

माझ्या टेबलाच्या खणात उरलेले सात कोरे कागद होते. वर छापलेलं: नाव, विभाग, पासवर्ड. जिना उतरून जायचं, खण उघडायचा आणि परत यायचं, इतकंच काम. दोन मिनिटांचं.

त्या कॉलेजात मी नऊ वर्षं हंगामी होते. मला कायम करण्याचा ठराव मार्चमध्ये यायचा होता. हेही सांगितलेलं बरं.

"नाही सर," मी म्हणाले. "अभिप्रायाचे कागद होते. व्याख्यान कसं वाटलं वगैरे. पासवर्डचं काही नव्हतं."

इतकं सफाईदार खोटं मी त्याआधी कधी बोलले नव्हते. अभिप्रायाचं तर मला आयत्या वेळी सुचलं.

खोलीतली सगळी माणसं एकदम सैल झाली. "मी वर्गात गंमत केली होती," खिस्ती म्हणाले. "मुलं शब्दशः घेतात." आणि ढवळशंखांनी, ज्यांनी नऊ वर्षांत मला नावानंही हाक मारली नव्हती, त्यांनी बाहेरून एक खुर्ची मागवली आणि माझ्यासाठी पुढं केली. "बसा नाईकनवरे मॅडम. किती वेळ उभ्या आहात."

मी बसले.

शबनम माझ्याकडं बघत होती. रागानं नाही. एखादं यंत्र चालायला पाहिजे आणि चालत नाही, तर कुठं बिघडलं असेल, असं बघतात तसं.

"मॅडम," ती एवढंच म्हणाली.

निकाल लागायला दहा मिनिटं लागली. पोलिसांत जायचं नाही, कारण कॉलेजचं नाव खराब झालं असतं. मुलीनं स्वतःहून नाव काढून घ्यायचं. दाखल्यावर शेरा येणार नाही, ही समितीची कृपा. हॅकिंगची चार पुस्तकं कपाटात बंद करायची आणि किल्ली प्राचार्यांकडं. सरदेशमुखचं पुस्तक मात्र शेल्फवर राहू द्यायचं, कारण ते जनजागृतीसाठी आहे. आणि पुन्हा असं होऊ नये म्हणून कॉलेजच्या सगळ्या कंप्युटरची सुरक्षा सरदेशमुखकडं सोपवायची. सूचक ढवळशंख, अनुमोदक खिस्ती.

त्याच दुपारी सरदेशमुखनं खिस्तींच्या केबिनचं दार आतून लावून घेतलं आणि अकरा मिनिटांत गाढव काढलं. प्राचार्यांचा फोटो जागेवर आला. बाहेर जमलेल्या स्टाफनं टाळ्या वाजवल्या. पासवर्ड माहीत नसताना त्यानं तो कसा काढला, हे कुणी विचारलं नाही. मी खाली जाऊन ते सात कागद बारीक फाडले आणि दोन वेगवेगळ्या टोपल्यांत टाकले. तेवढी अक्कल मला होती.

तपासणी समिती येऊन जेवून गेली. मार्चमध्ये मी कायम झाले. सरदेशमुख पुढं मोठा झाला. आता वाहिन्यांवर बसून म्हाताऱ्या माणसांना सांगतो, फोनवर कुणी काही विचारलं तर देऊ नका म्हणून. सांगतो छान.

शबनम शनिवारी आली. नाव काढताना ग्रंथालयाची सही लागते, तो फॉर्म घेऊन. बरोबर तिचे वडील होते. उंच, वाकलेले, बोटांवर जळाल्याचे जुने डाग. ते दारातच थांबले, चपला काढाव्यात की नाही या विचारात.

"या ना आत," मी म्हणाले.

"न्हाई मॅडम, हितंच बरं हाय," ते म्हणाले. मग थोडं थांबून, "पोरगी म्हणत हुती, लायब्ररीच्या बाई लई चांगल्या हायेत. पुस्तकाला कधी न्हाई म्हनल्या न्हाईत."

म्हणजे माझं तिनं घरी सांगितलं नव्हतं.

शबनमनं दोन पुस्तकं टेबलावर ठेवली. चाळून बघितली, चिठ्ठी राहिली नाही ना. मी कंप्युटरवर तिचं खातं उघडायला पासवर्ड टाकला आणि पुस्तकं जमा करून घेतली. काहीतरी बोलायला पाहिजे होतं.

"शबनम, त्या दिवशी मी..."

"मॅडम, तो बदला," ती म्हणाली.

"काय?"

"पासवर्ड. कुमुद आणि छप्पन्न. तुम्ही टाइप करताना पुटपुटता." ती आवाज खाली आणून बोलत होती, वडिलांना ऐकू जाऊ नये म्हणून. "मला पहिल्या वर्षापासून माहीत आहे. आता नवी मुलं येतील. सगळी सारखी नसतात."

मी तिच्याकडं बघत राहिले. मग समोरच्या कंप्युटरकडं. बुधवारी याच टेबलावर मी ती यादी छापली होती. आदल्या दुपारी ती दोन टेबलं सोडून बसली होती, यादी निघतेय हे सगळ्यांच्या आधी तिला कळलं होतं, आणि चार वाजता मी अर्धा तास चहाला गेले होते.

"मग," मी म्हणाले, "तू तुझ्या नोंदी काढून का नाही टाकल्यास? अकराच्या अकरा? कुणाला कळलंसुद्धा नसतं."

तिच्या कपाळावर आठी आली. मी काय विचारतेय ते तिला खरंच समजलं नव्हतं.

"पण पुस्तकं मी नेली होती ना मॅडम," ती म्हणाली. "वाचली होती मी ती."

तिनं फॉर्म माझ्यापुढं सरकवला. मी सही केली. शिक्का नीट उमटेना, म्हणून दोनदा मारला.